सगळ्या किसण्या बोथट

आमच्या घरात चिमटा नव्हता. सांडशी होती, पण ती माळ्यावर, पाहुणीला मागावी लागली तर काढायची. तव्यावरची तांदळाची भाकरी आई बोटांनी उलटायची, बोटांनीच निखाऱ्याला टेकवायची आणि फुगली की बोटांनीच उचलून टोपलीत टाकायची. भाताचं टोप चुलीवरून उतरवायला पदरसुद्धा घ्यायचा नाही, हा घरचा शिरस्ता होता आणि तो घातला होता माझ्या आत्याने. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतली होती आणि स्वयंपाकघर तिच्याच शब्दावर चालायचं. गावात कुणाची नवी सून फडका घेऊन तव्यापाशी दिसली की आत्या म्हणायची, "भाकऱ्या करतेस का बाळाला न्हाऊ घालतेस गं?" बायका हसायच्या. सून फडका टाकायची. मग तिचे डोळे भरून यायचे आणि सगळ्यांना वाटायचं, चला, ही पण शिकली.

आई आत्यापेक्षा पुढे गेली होती. गावात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी भाकऱ्या थापायला बायकांना बोलावणं जातं, त्यात पहिलं आमच्या दारात यायचं. तीन दगडांवर मोठा तवा, बाजूला पिठाची परात, आणि मधोमध आई. "सुमनचा हात म्हंजे लोखंड हाय," असं म्हाताऱ्या म्हणायच्या, आणि आत्या आपलीच स्तुती झाल्यासारखी मान डोलवायची. मी लहान असताना आई गरम टोप उतरवलं की पटकन कानाची पाळी चिमटीत धरायची, सगळ्या बायका धरतात तशी. पुढे ते धरणं बंद झालं. कधी बंद झालं, ते मला सांगता येत नाही. मी मापात राहणारी बाई आहे. दुधाला येणारी उकळी, डाळीला लागणाऱ्या शिट्ट्या, गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली, हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं असतं. पण ही एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला तिचा दिवस सापडत नाही.

आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांच्या कडेला. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीने जायचे आणि उरलेल्या वेळात शेत बघायचे. स्वयंपाकघर मागच्या पडवीत होतं. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात ओट्यावर नवीन गॅस. भाकरी चुलीवर, चहा गॅसवर. घाट चढणाऱ्या मालगाडीचा धापा टाकल्यासारखा आवाज तिथे स्पष्ट ऐकू यायचा. आणि तोवर दुसराही एक आवाज आला होता, हायवेचा, जो कधी थांबतच नव्हता. पहिल्यांदा आम्ही अंगणात उभं राहून तो ऐकला होता. नंतर तो ऐकू येईनासा झाला. तो होताच, फक्त आम्हाला जाणवत नव्हता.

त्या हायवेवर, खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या एका मोठ्या हॉटेलात माझा भाऊ लागला. महेश त्याचं नाव, मी त्याला दादा म्हणते. तिथे तो सॅंडविचच्या काउंटरवर होता आणि घरी आला की जेवता जेवता तिकडच्या वस्तूंची वर्णनं करायचा. एका शनिवारी त्याने चीजची अख्खी लादी आणली, एक किलोची, चांदीच्या कागदात. मालकाने दिवाळीचं म्हणून सगळ्यांना एकेक दिली होती. आत्याने वास घेऊन बघितला.

"साबण हाय का रं हा?"

"आत्या, चीज हाय. दुधाचं असतं."

"दुधाचं हाय तर नासलेलं हाय. आनि येवढं लांबून आनलंस?"

दादाने ते घरच्या किसणीवर किसून दाखवायचं ठरवलं. घरची किसणी म्हणजे वडिलांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला खिळ्याने आतून भोकं पाडून केलेली. कैरीला आणि बटाट्याच्या किसाला ती चालायची. चीज तिच्यावर नुसतं सारवलं गेलं. भोकं बुजली, वर चुन्यासारखा लगदा बसला आणि आत्या पोट धरून हसली. "हे भिंतीला लाव, पोपडे यायचे नाय!" दादा हिरमुसला. तेव्हा आईच म्हणाली, "उद्याच्याला शिळफाट्याला जाते नि चांगली किसनी घेऊन येते. पोरानं हौसेनं आनलंय." आज माझ्या स्वतःच्या घरात दोन किसण्या आहेत, म्हणून सांगते. चीजला भोक मोठं हवं, चार-पाच मिलिमीटरचं. कड वर उचललेली आणि धारेची हवी. आणि चीज अर्धा तास अगदी गार करून घ्यायला हवं, नाहीतर ते चिकटतं. त्या वेळी यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या टेंपोने आई आणि मी खोपोलीच्या शिळफाट्याला गेलो. हमीदभाईंचं भांड्याचं दुकान आम्हाला जुनं. आईच्या लग्नातला हंडासुद्धा तिथलाच होता. त्यांनी तीन-चार किसण्या गल्ल्यावर मांडल्या. एक सपाट, दांड्याची. एक छोटी, डब्यावर बसणारी. एक चार बाजूंची, उभी, वर मूठ असलेली. आईने प्रत्येकीवर आंगठा फिरवला. फिरवला म्हणजे दाबून, वरून खाली, भाजी चिरायच्या आधी विळीची धार बघतात त्याहून कितीतरी जोरात.

"ही बोथट हाय," ती म्हणाली. मग दुसरी. "ही पन बोथट हाय." मग चार बाजूंची. "भाय, सगळ्या बोथटच ठेवल्यात का तुमी?"

हमीदभाई हसले. "ताई, बोथट असती तर गिऱ्हाइकानं माज्या डोक्यात घातली असती. परवाच एकीनं परत आनली. लय कापते म्हनून."

"हिच्यानं काय कापनार? लोनी पन नाय कापायचं."

"थांबा, मग हाटेलवाल्यांची दाखवतो," असं म्हणून त्यांनी आतून एक जाड पत्र्याची, चार बाजूंची काढली. तिच्या एकेक भोकाची कड नखासारखी वर आलेली होती. ती गल्ल्यावर ठेवता ठेवता ते म्हणाले, "हिला मात्र बोट लावू नका." तोवर आईचा आंगठा तिच्यावरून उतरला होता.

"हां. ही जरा बरी हाय," आई म्हणाली.

हमीदभाई आईच्या आंगठ्याकडे बघत होते. त्याच्या पेरावर पांढरी सालं निघाली होती, आणि सालांच्या मधून हळूहळू लाल ठिपके वर येत होते. मी कुतूहलाने माझं बोट त्या पहिल्या, बोथट म्हटलेल्या किसणीला टेकवलं, नुसतं टेकवलं, आणि चटकन मागे घेतलं. झोंबलं. हमीदभाईंनी किसणी कागदात गुंडाळताना माझ्याकडे बघून सावकाश म्हटलं, "सुजाता, घरी आईला नको किसू देऊस. तू किस." मला वाटलं, नव्या वस्तूला सांभाळून वापरा एवढंच ते सांगताहेत. परत येताना टेंपोत आई मजेत होती. खोपोलीचे वडे घेतले होते, त्यातला एक तिने वाटेतच खाल्ला. कागद तेलाने आणि आंगठ्याच्या रक्ताने, दोन्हींनी डागाळला होता. तिने तो बाहेर फेकून दिला.

दुपारी किसायला आईच बसली. हमीदभाईंचं बोलणं मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्याला काय ठावं, माजा हात कसा हाय." पाटावर बसून तिने पितळेच्या ताटात किसणी उभी केली आणि चीजचा तुकडा तिच्यावर चालवायला लागली. दादा गॅसवर पावाचे तुकडे भाजत होता. आत्या चुलीपाशी कडवे वाल सोलत होती. चीज आता छान पडत होतं, पिवळ्या धाग्यांसारखं, आणि आईला त्याचा आनंद झाला होता. ती आमच्याकडे बघून बोलत होती. आई काम करताना नेहमी माणसाकडे बघून बोलायची. हात खाली आपोआप चालायचे आणि तिचे डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर असायचे. दादाला तिने विचारलं, "म्हेश, तुज्या हाटेलात बायका पन काम करतात का रं?" दादा म्हणाला, "करतात ना. एक हाय पेनची." "मंग सांग की तिच्याबद्दल," आई म्हणाली, आणि आत्याने वालाची साल दादाच्या अंगावर फेकली. दादा लाजला. सगळे हसलो.

हसता हसता माझी नजर ताटात गेली. पिवळ्या धाग्यांत तांबडे धागे होते. आधी मला वाटलं, आत कसला मसाला असेल, दादा म्हणत होता की मिरची घातलेलं चीजही मिळतं. मग दिसलं की आईच्या हातात चीज उरलंच नव्हतं. होतं ते नखाएवढं, आणि हात तसाच वरून खाली जात होता. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची पेरं किसणीवरून घासत खाली येत होती, वर जात होती, पुन्हा खाली येत होती. आणि आईचं तोंड दादाकडे होतं. ती विचारत होती, "पेनची म्हंजे पेनच्या कुठली?"

"आई, थांब!"

"काय झालं गं?"

मी हात धरला तेव्हा तिने खाली बघितलं. दचकली ती रक्त बघून, दुखलं म्हणून नव्हे. माणूस दुसऱ्याचं रक्त बघून दचकतं तशी. "अगंबाई, हे कवा झालं?" असं तिने विचारलं, आणि विचारलं ते आम्हाला. दादा मोरीवरून वडिलांची दाढीची तुरटी घेऊन आला. कातडी जिथे पार गेली होती तिथे त्याने ती घासली. तुरटी साध्या दाढीच्या कापलेल्या जागेवरसुद्धा डोळ्यांतून पाणी काढते. आई मात्र हात त्याच्या हातात सोडून म्हणाली, "पाव बघ, करपला." तो खरंच करपत होता. कुणी उठलं नाही. आत्याच्या हातातले वाल सुपात पडले. दादाने तुरटी दाबून धरली, जरा जास्तच दाबली, आणि आईच्या तोंडाकडे बघितलं.

"आई, झोंबत नाय?"

"नाय रं. सवय हाय."

त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचा तो हात नीट बघितला. बांगड्यांच्या वर, कोपराच्या खालच्या बाजूला एक फिकट चट्टा होता, तळहाताएवढा. तिथे केस नव्हते. आई त्याला शिबं म्हणायची आणि त्यावर तेल चोळायची. करंगळी थोडी आत वळलेली होती, जशी काही धरून ठेवल्यावर राहते. बोटांवर जुने डाग होते, चकचकीत, भाजल्याचे, एकावर एक. गावाने ज्यांना लोखंडी हात म्हटलं होतं ते हे हात. आत्याने ते सगळं बघितलं आणि ती पाट घेऊन जरा मागे सरकली. फार नाही, वीतभर. पण मी बघितलं, आणि आईनेही बघितलं.

खालापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात तिच्या हातावर निरनिराळ्या जागी टेकवली. "कापूस लागला की बोट ठेवून दाखवा." दंडावर लागला की आई बरोबर दाखवायची. चट्ट्यावर लागला तेव्हा ती स्वस्थ बसली होती. करंगळीवर आणि आंगठ्यावर लागला तेव्हाही. नंतर त्यांनी पेनचं टोक करंगळीत रुतवलं, खळी पडेपर्यंत. आई मिटल्या डोळ्यांनी हसून म्हणाली, "लावा ना बाई, मी वाट बघते." माझ्या शेजारी उभे असलेले वडील खिडकीकडे वळले.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या कोपरामागची शीर चाचपली आणि काही लपवलं नाही. "लोक ज्याला महारोग म्हणतात, तो हा. घाबरायचं नाही, गोळ्या आहेत, सरकार फुकट देतं, वर्षभर घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती उरत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "बोटांत गेलेली जाणीव मात्र परत येईल असं मी सांगत नाही. लवकर आला असतात तर वाचली असती. कधी भाजल्याचं कळलं नाही का?"

आई म्हणाली, "भाजायचं थांबलं तवा मला वाटलं, आता हात तयार झाला."

घरी आल्यावर आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुमन, तू चुलीला शिवू नको." आवाज चढवला नाही. आईचं ताट आणि तांब्या तिने पडवीच्या टोकाला ठेवला. वडील "अगं आक्का" म्हणाले, तर तिने "लोकं आपल्या दारातनं पानी पितील का, ते सांग आदी" एवढंच विचारलं. आई पडवीच्या पायरीवर बसून राहिली. तिला भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता आणि ती मधूनच हात हलवायची, पीठ नसलेल्या हाताने. मला त्या दिवसांतली सगळ्यात मोठी भीती तिच्या रोगाची नव्हती. आई त्या पायरीवरून परत आत येणारच नाही, याची होती. ज्या बाईला गावभर तिच्या हातावरून ओळखतात, तिचा हात घरातच कुणाला नको झाला तर ती कोण उरते?

डॉक्टरीणबाईंनी घरच्या सगळ्यांना तपासायला बोलावलं होतं. आम्ही ओळीने बसलो. दादाला, मला, वडिलांना सगळं जिथल्या तिथे जाणवलं. आत्या शेवटी. डोळे मिटून ती ताठ बसली. तिच्याही बोटांवर जुने डाग होते, आईसारखेच, आणि ते डॉक्टरीणबाईंनी आधीच हेरले होते. त्यांनी कापूस टेकवला, आत्याने लगेच दाखवलं. सगळीकडे. मग त्यांनी काचेच्या नळीत गरम पाणी घेऊन नळी बोटांना लावली, तशी आत्या ओरडली, "आई गं! भाजवतेस काय गं पोरी?"

"भाजलं का आजी?"

"भाजनार नाय तर काय!"

"मग घरी तवा बिनफडक्याचा कसा धरता?"

आत्याने डोळे उघडले. समोर भिंतीला टेकून आई उभी होती. आत्या डॉक्टरीणबाईंना नव्हे, आईलाच म्हणाली, "मला रोज भाजायचं गं. पहिल्या दिवसापासनं. सासूनं फडका हातातनं काढून घेतला तवापासनं. तोंडातनं काढायची नाय, येवढंच. मला वाटलं, तुला पन भाजतंय नि तू माज्यासारखीच गप बसतेस."

"आदी भाजायचं, वन्सं," आई म्हणाली. "मंग थांबलं."

परत येताना टेंपोत दोघी शेजारी बसल्या. आत्याने मधे अंतर ठेवलं नाही. घरी पोचल्यावर ती माळ्यावर चढली, सांडशी काढली, चुलीपाशी ठेवली आणि पडवीच्या टोकाचं ताट उचलून आत आणलं. "लोकं काय म्हनायचं ते म्हनतील," असं ती बोलली, पण दाराची कडी तिने त्या दिवशी दिवसाउजेडी लावून घेतली. गावाला कळलं की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्या मोसमात हळदीच्या भाकऱ्यांचं बोलावणं आलं, तेव्हा आईने स्वतःच "कंबर धरलीय" म्हणून सांगितलं. पुढे बोलावणं येणं थांबलं. ते का थांबलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

गोळ्या तिने एकही न चुकवता घेतल्या. त्यांच्यामुळे तिचा रंग काळवंडला, मग हळूहळू उजळला. रोग गेला. करंगळी वळलेली ती वळलेलीच राहिली, आणि बोटं मुकी ती मुकीच. डॉक्टरीणबाईंनी तिला एक नियम दिला होता. हाताला कळत नाही, तेव्हा डोळ्यांनी कळून घ्यायचं. विस्तव, धार, उकळतं पाणी, काहीही हाताशी असलं की नजर बोटांवरून हलवायची नाही. आईने तो पाळला. माझ्या घरी कुणी किसायला बसलं की शेवटचा आंगठ्याएवढा तुकडा मी किसू देत नाही, तो तोंडात टाकायला सांगते. एवढी काळजी मी माझ्या घरात घेऊ शकते. आईच्या घरात, तिच्या हातांची राखण तिची तिलाच करावी लागते.

परवा मी खालापूरहून गावी गेले होते. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. चूल अजून आहे, आई सत्तरीची आहे आणि भाकऱ्या तीच करते, कुणाला करू देत नाही. मी पाट घेऊन समोर बसले. मुलीला नोकरी लागली ते सांगितलं, दादाच्या गुडघ्याचं सांगितलं. ती ऐकत होती, "हां", "मंग?", "बरं झालं" म्हणत होती, सगळं बरोबर जागच्या जागी. तिची मान खाली होती. डोळे तव्यावर, सांडशीवर, आपल्या दहा बोटांवर. इतक्या वर्षांत चुलीपाशी बसून ती माझ्याशी बोलली ती अशीच. चुलीच्या उजेडात मला तिचा फक्त भांग दिसत होता, पांढरा झालेला.

मी म्हटलं, "आई, जरा वर बघ ना गं माझ्याकडे."

"बघते," ती म्हणाली. "येवढी भाकर उतरू दे."

ती उतरली. मग तिने दुसरी टाकली.